शाळा भरतानाची चाळीस मिनिटे : पुण्यातील नव्या प्राथमिक शिक्षकांसाठी आणि मदतनीस पालकांसाठी

प्राथमिक शाळेत पहिल्या घंटेच्या आधीची वीस आणि नंतरची वीस मिनिटे सर्वांत धावपळीची असतात. व्हॅनमधून उतरलेले एखादे मूल रडत असते, दाराशी तीन पालक "बाई, एकच मिनिट" म्हणून उभे असतात, कार्यालयातून माहितीचा कागद भरून मागितलेला असतो आणि तेवढ्यात परिपाठासाठी रांगा लावण्याची सूचना होते. या सगळ्या मागण्या एकाच वेळी एकाच व्यक्तीकडे, म्हणजे वर्गशिक्षिकेकडे येतात. त्या वेळात तिचे डोळे आणि कान मुलांकडेच राहिले पाहिजेत, हा या लेखाचा आग्रह आहे. इतर कामे दुसऱ्या कोणीतरी उचलली तरच ते शक्य होते. ती कोणी, कशी आणि कोणत्या मर्यादेत उचलावीत, हे यंदा नव्याने वर्गावर आलेल्या शिक्षकांसाठी आणि शाळेला मदत करू इच्छिणाऱ्या पालकांसाठी क्रमाने सांगत आहे.

वेळेविषयी आधी एक खुलासा केला पाहिजे. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवण्याची सूचना दिली. त्यापूर्वी पुण्यातील अनेक शाळांत प्राथमिकचे सत्र सकाळी सातच्या सुमारास भरत असे. मुलांच्या झोपेच्या दृष्टीने हा बदल चांगलाच आहे. परंतु नऊची शाळा म्हणजे कर्वे रस्त्यावर, सिंहगड रस्त्यावर किंवा हडपसरला ऐन कार्यालयीन गर्दीत मुलांना आणणे. एकाच इमारतीत दोन सत्रे चालवणाऱ्या काही शाळा अडचणीमुळे आजही लवकर भरतात आणि शनिवारची वेळ बहुतेक ठिकाणी वेगळीच असते. पुढे दिलेल्या वेळा नऊची शाळा धरून दिल्या आहेत. आपल्या शाळेप्रमाणे त्या पुढेमागे कराव्यात.

नाव नोंदवताना

मदत करू इच्छिणाऱ्या पालकाने वर्गशिक्षिकेशी परस्पर ठरवून काम सुरू करू नये, आधी मुख्याध्यापकांना भेटावे. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम २१ प्रमाणे तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असणे आवश्यक आहे. विनाअनुदानित खासगी शाळेत हे काम साधारणपणे शिक्षक-पालक संघामार्फत होते. दोन्हींपैकी कोणत्याही मार्गाने नाव द्यावे, मात्र ते लेखी द्यावे आणि त्यासोबत कोणत्या वारी किती वेळ येता येईल हेही लिहावे.

आठवड्यातून एक ठरलेला वार, साडेआठ ते सव्वानऊ, एवढे पुरेसे असते. उत्साहाच्या भरात रोज येण्याचे कबूल करून पंधरा दिवसांनी येणे बंद करणाऱ्या पालकापेक्षा दर मंगळवारी न चुकता येणारे आजोबा शाळेला अधिक उपयोगी पडतात. पुण्यात अशा निवृत्त आजी-आजोबांची मोठी संख्या आहे आणि नातवंडाला शाळेत सोडायला ते तसेही येत असतात. त्यांना विचारायला शाळांनी संकोच करू नये. वडिलांनाही आवर्जून विचारावे, कारण शाळेच्या मदतीचे आवाहन आजही बहुधा आयांपर्यंतच पोहोचते.

काही मर्यादा पहिल्याच दिवशी स्पष्ट असाव्यात. मदतनीस पालकाने शाळेत येताना नोंदवहीत सही करावी आणि गळ्यात शाळेने दिलेले ओळखपत्र घालावे. मुलांची छायाचित्रे काढू नयेत. कोणत्याही मुलाला एकटे बंद खोलीत नेऊ नये आणि स्वच्छतागृहात नेण्याचे काम सेविका मावशींकडेच ठेवावे. शक्यतो आपल्या मुलाच्या तुकडीवर काम घेऊ नये, कारण आई समोर दिसत असताना मूल वर्गात रमत नाही आणि आईचे लक्षही एकाच मुलाकडे राहते. एखादे मूल बोलता बोलता घरात, व्हॅनमध्ये किंवा शाळेत कोणी त्रास देत असल्याचे सांगू लागले, तर उलटतपासणी न करता शांतपणे ऐकून घ्यावे आणि त्याच वेळी मुख्याध्यापकांना सांगावे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. बालकांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांकही प्रत्येकाला पाठ असावा.

आदल्या संध्याकाळी

सकाळची निम्मी धावपळ आदल्या दिवशीच टाळता येते. शिक्षिकेने शाळा सुटल्यावर वर्ग सोडण्यापूर्वी फळ्यावर उद्याची तारीख आणि वार लिहून ठेवावा, कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, टेबलावर हाताशी येईल असा ठेवावा आणि पाठटाचण उघडून पहिल्या तासाचे साहित्य एका पिशवीत एकत्र करावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुलांना वर्गात पाऊल टाकताच, कोणी न सांगता, सुरू करता येईल असे काम तयार असावे. पहिलीसाठी मणी ओवणे, आगपेटीच्या काड्यांचे दहाचे गठ्ठे बांधणे किंवा रंगवण्याचे चित्र चालते. तिसरी-चौथीसाठी फळ्यावर कालच्या भागावरची तीन उदाहरणे किंवा एक अपुरे वाक्य पुरते. हे काम तपासायचे नसते. पावणेनऊला आलेले मूल आणि नऊला आलेले मूल यांच्यामधली पंधरा मिनिटे शांतपणे भरून निघावीत, एवढाच त्याचा उद्देश असतो. असे काम नसलेल्या वर्गात लवकर आलेली मुले बाकांवर धावतात आणि सकाळी सकाळी होणारी पडझड बहुतेक याच वेळात होते.

घरीही अशीच तयारी लागते. वेळापत्रक पाहून दप्तर रात्रीच भरावे आणि नको असलेल्या वह्या काढून ठेवाव्यात. दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे राज्य शासनाने २०१५ मध्येच सांगितले आहे. दैनंदिनीतील सूचना वाचून सही रात्रीच करावी. सकाळी फाटकाशी गाडीच्या सीटवर वही ठेवून सही करणारा पालक सूचना वाचत नाही, आणि मग तीच गोष्ट विचारायला तो शिक्षिकेकडे जातो. डब्यात काय द्यायचे हेही रात्री ठरलेले बरे. मुलाने घरून काहीतरी खाऊन निघणे डब्याइतकेच आवश्यक आहे, कारण परिपाठात चक्कर येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ जण नुसते दूध पिऊन आलेले असतात.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटासाठी एक वेळ ठरवून घ्यावी. रात्री आठनंतर शिक्षिकेकडून उत्तराची अपेक्षा नाही आणि सकाळी आठनंतर गटावर टाकलेला निरोप शाळेपर्यंत पोहोचला असे धरायचे नाही, हे वर्षाच्या पहिल्या पालकसभेतच सांगावे. साडेआठपासून शिक्षिकेचा फोन पर्समध्येच असतो आणि तो तिथेच असावा.

फाटकाशी

मदतनीस पालकांपैकी दोघांनी साडेआठला फाटकावर असावे, एकाने आत आणि एकाने बाहेर पदपथावर. बाहेरच्याने रस्त्यात उतरून वाहने अडवू नयेत. वाहतूक नियंत्रण हे पोलिसांचे काम आहे आणि शिटी घेऊन मध्ये उभा राहिलेला पालक स्वतःही धोक्यात असतो. फाटकासमोर रोजच कोंडी होत असेल, तर मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र संबंधित वाहतूक विभागाला द्यावे आणि त्याची पोच जपून ठेवावी.

पेठांमधल्या शाळांची अडचण विशेष आहे. सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या अरुंद रस्त्यावर एक रिक्षा, एक व्हॅन आणि चार दुचाकी फाटकासमोर थांबल्या की पायी येणाऱ्या मुलाला जागाच उरत नाही. म्हणून दुचाकीवरून येणाऱ्या पालकांना फाटकापासून थोडे पुढे थांबण्याची एक जागा ठरवून द्यावी आणि मुलाला डाव्या बाजूने, पदपथाकडेच उतरवायला सांगावे. वाहन चालू ठेवून मुलाला उडी मारायला लावू नये, हे वेगळे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे आणि यात मागे बसलेले पहिलीचे मूलही आले. मदतनीस पालकाने यावरून कोणाशी हुज्जत घालू नये. शाळेच्या सूचनाफलकावर आणि पालकसभेत हा विषय अधिक ठामपणे मांडता येतो.

व्हॅन आणि रिक्षाची नोंद हे फाटकावरचे सर्वांत जबाबदारीचे काम आहे. स्कूल बससंबंधीच्या राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. तिच्याकडून प्रत्येक वाहनाची यादी घ्यावी : चालकाचे नाव, दूरध्वनी क्रमांक, मुलांची नावे आणि तुकडी. आतल्या बाजूला उभ्या असलेल्या पालकाने मूल उतरताना त्या यादीवर खूण करायची असते. सगळी मुले उतरल्यावर व्हॅनकाकांना मागचे आसन एकदा पाहायला सांगावे, कारण लहान मूल बाकाखाली झोपी गेलेले असू शकते. जे मूल आले नाही त्याच्याविषयी काकांना तिथेच विचारावे. "ताई, आज तिची आजी सोडणार होती" एवढे उत्तरही यादीसमोर लिहून ठेवावे. नऊला पाच मिनिटे असताना ही यादी कार्यालयात द्यावी. तिचा उपयोग हजेरीच्या वेळी होतो, तो पुढे सांगितला आहे.

निरोपाची वही

मला सकाळच्या सगळ्या व्यवस्थेत ही वही सर्वांत मोलाची वाटते, आणि ती ठेवायला एका शंभर पानी वहीपलीकडे काहीही लागत नाही. वर्गाच्या दाराशी येणारे पालक शिक्षिकेला त्रास द्यावा म्हणून येत नाहीत. त्यांच्याजवळ खरोखरच सांगण्यासारखे काहीतरी असते आणि सांगायला दुसरी जागा नसते. ती जागा म्हणजे फाटकाच्या आत ठेवलेले एक टेबल, त्यावरची निरोपाची वही आणि तिच्यामागे बसलेला एक मदतनीस पालक. वहीत वेळ, मुलाचे नाव व तुकडी, निरोप आणि निरोप देणाऱ्याची सही असे चार रकाने आखावेत.

निरोप ऐकताच त्याची वर्गवारी करता आली पाहिजे, आणि नव्या माणसाला हेच शिकावे लागते. पहिल्या प्रकारात आजच्या आज शिक्षिकेला कळलेच पाहिजे असे निरोप येतात. रात्री ताप होता, पायाला टाके आहेत, दमा असल्याने आज मैदानावर पळू देऊ नका, घरात मृत्यू झाला आहे, अशा गोष्टी चिठ्ठीवर उतरवून लगेच वर्गात पोहोचवाव्यात. त्या चिठ्ठ्या मुलाच्या हाती देऊ नयेत.

दुसरा प्रकार मूल आज कोणाबरोबर घरी जाणार याचा आहे, आणि त्यात चूक झाल्यास परिणाम फार गंभीर होतात. "आज मामा येतील" हा तोंडी निरोप स्वीकारूच नये. पालकाच्या हस्ताक्षरात, येणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा. त्याची एक प्रत वर्गात आणि एक सुटण्याच्या वेळी फाटकावर असणाऱ्या शिपायाकडे जावी. आई-वडील वेगळे राहत असतील आणि मुलाच्या ताब्याविषयी न्यायालयाचा आदेश असेल, तर मदतनीस पालकाने त्यात पडू नये; असा निरोप सरळ मुख्याध्यापकांकडे न्यावा.

उरलेले सगळे तिसऱ्या प्रकारात मोडते : गृहपाठ कळला नाही, बाक बदलून हवा आहे, शेजारचा मुलगा पेन्सिल घेतो, स्नेहसंमेलनात छोटी भूमिका मिळाली. हे विषय किरकोळ नसतात, पण त्यांना नऊ वाजून पाच मिनिटांची वेळ योग्य नसते. वहीत नोंद करून "बाई तुम्हाला गुरुवारी शाळा सुटल्यावर भेटतील" असे वेळेसह सांगता आले, तर बहुतेक पालक समाधानाने परततात. मात्र ती भेट खरोखर व्हायला हवी. दोनदा टाळली गेली की पालक पुन्हा वर्गाच्या दाराशी येतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

औषधांविषयी नियम कडक असावा. डब्यात ठेवलेली गोळी किंवा बाटलीत भरलेले औषध "मधल्या सुट्टीत द्या" म्हणून मदतनीस पालकाने घेऊ नये. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांचे लेखी पत्र असेल तरच ते कार्यालयात स्वीकारले जावे. ताप असलेल्या मुलाला दारातूनच परत पाठवणे आईच्या नोकरीमुळे कठीण वाटते, हे मी समजू शकते. तरीही ते मूल वर्गात पाच तास ग्लानीत बसणार असते आणि शेजारची दोन मुले आजारी पडणार असतात. अशा वेळी घरून कोण येऊ शकेल याची पर्यायी नावे वर्षाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवावीत.

वहीतले काहीही शाळेबाहेर बोलले जाऊ नये. सोसायटीच्या बागेत एकदा जरी एखाद्या घरातली गोष्ट फुटली, तरी वहीवरचा विश्वास संपतो.

वर्गाचे दार आणि रडणारी मुले

जूनमध्ये शाळा उघडल्यावरचे पहिले तीन आठवडे पहिलीच्या वर्गासाठी वेगळे धरावेत. मूल रडते तेव्हा ते हट्टी आहे किंवा शाळा वाईट आहे असा निष्कर्ष काढू नये. त्याला विश्वासाचा माणूस दिसेनासा होण्याची भीती वाटत असते. म्हणून पालकाने मुलाची नजर चुकवून पळून जाऊ नये. त्याच्याकडे पाहून, "मी जाते, शाळा सुटली की याच झाडाखाली उभी असेन" असे स्पष्ट सांगावे आणि मग मागे वळू नये. निरोप लांबवला की रडणेही लांबते. "आई बाहेरच बसली आहे" असे खोटे कोणीही सांगू नये. मधल्या सुट्टीत मूल बाहेर जाऊन पाहते, आई नसते, आणि त्यानंतर ते शिक्षिकेवरही विश्वास ठेवत नाही.

शिक्षिकेने खाली बसून, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन त्याचे नाव घ्यावे. "बघ, ती कशी शहाण्यासारखी बसली आहे" ही तुलना टाळावी. गोळी-चॉकलेटचे आमिषही नको. त्यापेक्षा हाताला काम द्यावे : खडूंचा डबा धरायला सांगावा, खिडकीतल्या रोपाला पाणी घालायला सांगावे, हजेरीच्या वेळी शेजारी उभे राहू द्यावे. पुष्कळ मुले काम हातात आले की पाच-दहा मिनिटांत सावरतात. जे मूल महिनाभरानंतरही रोज तितकेच रडते, वर्गात बोलत नाही किंवा स्वच्छतागृहात जायला घाबरते, त्याच्या घरच्यांशी सविस्तर बोलणे आवश्यक आहे.

मदतनीस पालकाने इथे मोह आवरावा. रडणाऱ्या मुलाला उचलून घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण उचलून घेणारी व्यक्ती सव्वानऊला निघून गेली की मूल दुसऱ्यांदा एकटे पडते. त्याचा हात धरून त्याला शिक्षिकेपर्यंत नेणे आणि तिच्या हाती सोपवणे एवढेच काम करावे.

पुण्याच्या शाळांत आणखी एका गोष्टीची तयारी हवी. बांधकामांवर काम करणाऱ्या कुटुंबांतील मुले मराठी शाळेत येतात तेव्हा त्यांच्या घरी कन्नड, तेलुगू, हिंदी, बंजारा किंवा भोजपुरी बोलली जात असते. अशा मुलाला आपल्या भाषेतली दोन वाक्ये ऐकू आली तरी त्याचा चेहरा बदलतो. कोणत्या पालकाला कोणती भाषा येते याची यादी शाळेने ठेवावी आणि पहिल्या आठवड्यात त्यांनाच दाराशी उभे करावे. "तहान लागली", "शू लागली", "पोट दुखते" ही वाक्ये त्या मुलांच्या भाषेत शिक्षिकेने वहीच्या मुखपृष्ठाच्या आत लिहून ठेवल्यास वर्षभर उपयोगी पडतात.

कॅटलॉग उघडल्यावर

हजेरी सर्व मुले बसल्यावर, नाव घेऊन आणि चेहरा पाहून घ्यावी. नुसते क्रमांक उच्चारून हजेरी लवकर संपते, पण शेजारच्याने "हजर" म्हटलेले कळत नाही आणि कोणते मूल आज गप्प आहे हेही दिसत नाही. ऑनलाइन हजेरी भरण्याचे काम कागदावरची हजेरी झाल्यावर करावे. मुले आत येत असताना मोबाइलच्या पडद्याकडे पाहणे टाळलेच पाहिजे.

गैरहजर मुलांची नावे चिठ्ठीवर लिहून मदतनीस पालकाकडे किंवा शिपायाकडे द्यावीत आणि कार्यालयात ती फाटकावरच्या वाहन यादीशी ताडून पाहावीत. व्हॅनच्या यादीत उतरल्याची खूण आहे आणि कॅटलॉगात मूल गैरहजर आहे, असा फरक दिसला तर इतर सर्व कामे थांबवून आधी ते मूल शोधावे. ते बहुधा दुसऱ्या तुकडीत भावाजवळ बसलेले किंवा स्वच्छतागृहात असते, तरीही तसे गृहीत धरू नये. उरलेल्या गैरहजर मुलांच्या घरी कार्यालयातून साडेनऊपर्यंत फोन जावा. मूल शाळेत निघाले असे घरच्यांना वाटते आहे आणि ते शाळेत पोहोचलेले नाही, ही गोष्ट दुपारी कळून उपयोग नसतो.

पोषण आहाराची संख्याही याच हजेरीवरून ठरते. प्राथमिकच्या मुलासाठी दररोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. हजेरी चुकली तर कोणाच्या तरी ताटात कमी पडते. वाटपापूर्वी शिक्षकांनी अन्नाची चव घेऊन नोंद करायची असते. त्या दिवशी शाळेत असलेल्या पालकानेही चव घ्यावी आणि मनापासून अभिप्राय लिहावा.

उशिरा आलेल्या मुलांना वर्गाबाहेर उभे करू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे, आणि सात वर्षांचे मूल स्वतःच्या चुकीने क्वचितच उशिरा येते. व्हॅन अडकलेली असते किंवा घरी पाणी आलेले नसते. वारंवार उशीर होत असेल, तर पालकांशी बोलावे. मुलाला निमूट आत घ्यावे.

परिपाठ

परिपाठ वीस मिनिटांपेक्षा लांबू नये. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि प्रार्थना झाल्यावर सुविचार, दिनविशेष आणि बातम्या मुलांनाच सांगू द्याव्यात, आणि त्यांची नावे आठवडाभर आधी फलकावर लावावीत. मदतनीस पालकांनी रांगांच्या मागे उभे राहून कोणी डोके धरून उभे आहे का, कोणी पांढरे पडले आहे का, हे पाहावे आणि अशा मुलाला सावलीत बसवून पाणी द्यावे. रांगा सरळ करण्यासाठी ओरडू नये. शिक्षिकेनेही आवाज जपावा : ठरावीक लयीत वाजवलेल्या टाळ्यांना मुले उत्तर द्यायला शिकतात आणि दिवसभराचे घशाचे श्रम वाचतात.

पाऊस, पालखी आणि इतर वेगळे दिवस

शाळा उघडतात आणि पावसाळाही सुरू होतो, त्यामुळे नव्या शिक्षकाला दोन्हींचा अनुभव एकदमच येतो. वऱ्हांड्यात रेनकोट अडकवायला दोरी किंवा खुंट्या आणि त्याखाली गोणपाट हवे. एकाच रंगाचे दहा रेनकोट येतात, म्हणून आतल्या बाजूला नाव लिहून पाठवण्यास पालकांना सांगावे. ओल्या फरशीवर मुले घसरतात. पावसाच्या दिवशी एक मदतनीस पालक जिन्याच्या तळाशीच उभा असावा. कार्यालयात कपड्यांचे दोन-चार कोरडे जोड ठेवावेत.

अतिवृष्टीची सुटी प्रशासन जाहीर करते आणि ती कधी कधी अगदी पहाटे कळते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले आणि शहरातील शाळांना सुटी द्यावी लागली. अशा सकाळी गटांवर जुने संदेश नव्या तारखेने फिरतात. मुख्याध्यापकांच्या किंवा वर्गशिक्षिकेच्या क्रमांकावरून आलेला संदेशच खरा धरावा आणि पालकांनी इतर संदेश पुढे पाठवू नयेत. सुटी कळण्यापूर्वी पोहोचलेली मुले असतातच, म्हणून जवळ राहणाऱ्या दोन पालकांनी अशा दिवशी फाटकाशी येण्याचे आधीच ठरवलेले असावे.

ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात आणि भवानी पेठ, नाना पेठ परिसरात मुक्कामी असतात, तेव्हा रस्ते बंद असतात. गणेशोत्सवातही मध्यवर्ती भागात तसेच घडते. त्या काळात कोणत्या व्हॅनचा मार्ग बदलणार, मुले किती चालणार आणि फाटक कधी उघडणार, हे परिवहन समितीने आठवडाभर आधी ठरवून लेखी कळवावे.

निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामासाठी एखादी शिक्षिका गेली असेल, तर तिच्या वर्गाची बदली व्यवस्था पर्यवेक्षकांनी करायची असते. मदतनीस पालकाने तास घेऊ नये. शेजारच्या वर्गातील शिक्षिकेची नजर असताना, दार उघडे ठेवून, दहा मिनिटे गोष्ट वाचून दाखवण्यापलीकडे त्याने वर्ग सांभाळू नये.

सव्वानऊ वाजता

फाटक बंद करून फक्त लहान दार उघडे ठेवावे आणि तिथे शिपाई बसलेला आहे याची खात्री झाल्यावरच पालकांनी जागा सोडावी. वाहनांची यादी, निरोपाची वही आणि हरवले-सापडले पेटीत ठेवायच्या बाटल्या, डबे, स्वेटर कार्यालयात द्यावेत. ओळखपत्र परत करून नोंदवहीत बाहेर पडल्याची वेळ लिहावी आणि जाता जाता आपल्या मुलाच्या वर्गात डोकावू नये. शिक्षिकेने मधल्या सुट्टीत निरोपाची वही एकदा वाचून, पाहिलेल्या नोंदींसमोर आद्याक्षरी सही करावी. पुढच्या आठवड्यातील पाळी बदलून हवी असल्यास पालकाने शुक्रवारपर्यंत कार्यालयात कळवावे, म्हणजे राखीव यादीतील पालकाला शनिवारी निरोप देता येतो.